बुटाला तेल

३ मार्च २०१९, रविवार

दुकानदाराशी भांडून आले. भांडून म्हणजे भांडूनच!

शहरातलं एवढं मोठं दुकान. बास्केटबॉलचे शूज दाखवा म्हणलं, तर त्यानं आधी माझ्या चपलांकडं बघितलं, मग माझ्या वडिलांच्या, दादांच्या टोपीकडं. आणि काढून काय दाखवले – चालायचे. गुलाबी. "लेडीज में येइच आता." का? मुलींचे गुडघे लोखंडाचे असतात का? मी बोट दाखवून मुलांचे दोन जोड काढायला लावले, लाल आणि निळा. दोन्ही घालून फरशीवर उड्या मारल्या. "बेटा, इत्ता कूदना नक्को, ये शोरूम है." मग काय बूट घालून पाटावर बसू? गालिच्यावर चार पावलं चालून कुणाला काय कळतं? या खेळात उडी मारायची असते, आणि मुख्य म्हणजे खाली यायचं असतं.

दादा म्हणाले, "हळू बोल, लोक बघत्यात." बघू देत. महिनाभर कंपनीत ओव्हरटाइम केलाय त्यांनी, फुकट मागत नव्हतो.

लाल – आराम चांगला, गादी मऊ, पण घोट्याला आधार शून्य. डावा तर नुसता लटलटतो. निळा – घोट्याच्या वरपर्यंत बांधतो, पण गादी म्हणजे पाटा! डाव्या टाचेत ठणका बसला. एकही घेतला नाही.

६ मार्च

निवड चाचणी ७ एप्रिलला. गेल्या वर्षी चाचणीच्या आधी आठच दिवस कॅनव्हासच्या फालतू शूजनी माझा घोटा मुरगळला आणि आमच्याच संघातली राजनंदिनी गेली राज्याच्या शिबिराला. माझ्या जागेवर! औंदा शेवटची संधी. अठराच्या आतल्या संघात पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. म्हणून शूज, शूज, शूज. घरात सगळे म्हणतात ज्ञानूला बुटाचं खूळ लागलंय. लागलंय. पुढं?

रात्री मोबाईलवर तीन व्हिडिओ बघितले. तो गोरा माणूस चकाचक लाकडी कोर्टवर खेळतो आणि सांगतो, या बुटाची पकड चांगली, त्याची त्याहून चांगली. अरे बाबा, आमच्याकडं ये. सिमेंट, त्यावर बोटभर धूळ. मग सांग पकड.

११ मार्च

टँकर आला नाही. चौथा दिवस. शेंद्र्याच्या कंपन्यांच्या दारात मात्र हिरवळीवर फवारे चालू! बसमधून बघितलं आणि तोंडातून शिवीच आली. शेजारची बाई दचकली.

१४ मार्च

आमचं कॉलेजचं मातीचं कोर्ट किती चांगलं होतं. रोज संध्याकाळी पाणी मारायचे, माती दबून राहायची, पाय अलगद पडायचा. आता प्यायलाच पाणी नाही तर कोर्टाला कोण देणार. म्हणून आम्ही नव्या सिमेंटच्या कोर्टवर. जालना रोडला सगळीकडं खोदून ठेवलंय, तास-दीड तास बसमध्ये हाडं खिळखिळी होतात आणि उरलेली त्या सिमेंटवर.

ले-अपवरून – धावत जाऊन, उडी मारून चेंडू जाळीत टाकायचा – साहेबराव सर आज सगळ्यांसमोर ओरडले. "ले-अपला उडी डाव्या पायावर! डाव्या! तू उजव्यावर का मारतीस? पहिलीतली आहेस का?" मी म्हणलं, सर, शूज बरोबर नाहीत. तर म्हणतात, "खेळ पायात असतो, बुटात नसतो." स्वतःच्या पायात बघा काय आहे! जाड सोलचे, भावानं दुबईहून आणलेले. खेळत तर नाहीत, शिट्टी वाजवतात.

१८ मार्च

राजनंदिनीनं तिचे पांढरे दिले घालायला. आपण होऊन. मला वाटलं काहीतरी डाव असणार. पण तासभर खेळले त्यात.

मानलं! गादी अशी की खाली आल्यावर गुडघ्याला काही कळतच नाही. घोट्याला मागून टणक आधार. पुढचा भाग रुंद, बोटं मोकळी. आराम नऊ, गादी नऊ, आधार आठ. आधाराचा एक गुण डाव्यानं खाल्ला. बाहेरच्या बाजूनं चावतो. राजनंदिनी म्हणते तिला कधीच चावला नाही. तिला कशाला चावेल, तिच्या पायाच्या मापाचा आहे.

२४ मार्च, रविवार

घेतले!! पांढरेच. माझ्या मापाचे. दादांनी त्याच दुकानदाराला सांगून पुण्याहून मागवले. घरापर्यंत खोकं मांडीवर धरून आणलं.

आप्पांनी हातात घेतले. माझे आजोबा, सगळा जन्म मेंढरांमागं चालले. औंदा चारा नाही म्हणून चुलता कळप घेऊन पैठणच्या बाजूला गेलाय, आणि आप्पांना पहिल्यांदाच घरी ठेवलंय. गुडघे चालत नाहीत म्हणे. तेव्हापासून दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघतात. बूट दाबला, वाकवला, नाकाला लावला आणि खाली ठेवला. बोलले काहीच नाहीत. मला राग आला. चांगला म्हणायला काय जातं?

२९ मार्च

आज आप्पांशी कडाक्याचं वाजलं.

मी ओसरीवर उड्या मारत होते. सराव. आप्पा डोळे मिटून बसलेले. एकदम म्हणाले, "पोरी, तुझ्या डाव्या पायाचा आवाज येत नाय." मी म्हणलं, बूटच तसा आहे, म्हणून तर घेतला. "बुटाचं नाय म्हणत. तू पाय टाकीत नाहीस. टेकवल्यासारखं करून उचलतीस. दुखनं हाय आत."

दुखणं नाही म्हणलं. हाय म्हणाले. नाही! हाय. मी म्हणलं, आप्पा, मी मेंढी आहे का? माणसाचं तुम्हाला काय कळतंय! आई स्वयंपाकघरातून ओरडली, असं बोलतात का म्हणून. मग आप्पांनी दादांना सांगितलं, पोरीला खेळायला धाडू नगं. दादा म्हणाले, "आप्पा, तिचं वर्ष वाया घालवायचं का परत? तुम्ही गप बसा." आप्पा उठून दारात जाऊन बसले.

डोकं अजून तडकलंय. सगळं नीट चाललं असताना कुणीतरी अपशकुन करायलाच हवा का? दुखत नाही. थोडं आखडतं, सिमेंटमुळं.

२ एप्रिल

सर म्हणाले, पाडव्याला पूर्ण आराम. रविवारी सकाळी आठला मैदानावर. पाच दिवस!

६ एप्रिल, पाडवा



सकाळी टँकर आला. आई आणि मी रांगेत, दोन तास. घागर घेऊन घरी आले तर माझे बूट अंगणात, उन्हात. चकचकतायत. जवळ गेले तर करडईच्या तेलाचा वास! आतून, बाहेरून, तळाला – सगळीकडं तेल. आप्पा फडकं घेऊन शेजारी बसलेले. "नव्या वहाणंला तेल पाजावं लागतंय. न्हाईतर पाय सोलपटतो. पाडव्याचं म्हणलं, करून टाकावं."

वहाण! ती काय कातड्याची वहाण आहे? कापड आहे, फोम आहे, गोंदानं चिकटवलेलं आहे. उजव्याचा तळ उन्हानं आणि तेलानं एका बाजूनं सुटलासुद्धा. मी किंचाळले. किती आणि काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. आप्पा मान खाली घालून ऐकत होते.

धुवायचे म्हणलं तर आई म्हणाली, एक बादली देते. एक बादली दिली. साबण, राख, माती, सगळं लावलं. घालून अंगणात धावले तर सरकन घसरले. दादांनी सुटलेला तळ दाबून बघितला. महिनाभराचा ओव्हरटाइम. ते आप्पांना एक शब्द बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं.

७ एप्रिल, रविवार

गेले नाही.

साडेसातला सरांचा फोन. "राजनंदिनीचे जुने आहेत, ती द्यायला तयार आहे. ये लवकर." मी म्हणलं, दुसऱ्याच्या बुटात मी कशी खेळणार? "मग तुझे जुने घाल!" ते कॅनव्हासचे? ज्यांनी माझा घोटा मोडला ते? नाही म्हणलं आणि फोन ठेवला. सर परत फोन करून दादांना बोलले – शिकल्या-सवरल्या घरात असं होतं का म्हणून.

दुपारपर्यंत गावभर झालं. कडुबा शेजारी पाराच्या तिथून ओरडतो, "आप्पा, आमच्या मोटारसायकलच्या टायरलाबी पाजा की तेल!" सगळे फिदीफिदी. आप्पा नुसते मान हलवत बसले. बरं झालं. हसू देत लोकांना. माझं वाटोळं केलं त्यांनी, माझं अठरावं वर्ष, सगळं! यांच्या ताटाशेजारी मी परत बसणार नाही.

१० एप्रिल

राजनंदिनीची निवड झाली. तिनं फोन केला. उचलला नाही.

१३ एप्रिल

काल टँकरवरून भरलेली कळशी घेऊन उतरताना डावा पाय एक वीतभर उंचीवरून टेकवला आणि कट्ट आवाज झाला. शूज नव्हते, कोर्ट नव्हतं, कुणाचा धक्का नव्हता. तिथंच बसले.

शहरात नेलं. डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, "गेल्या वर्षी पडली होतीस का? तेव्हा हाड मोडलं होतं. मुरगळलं म्हणून कुणी सांगितलं? ते जुळलंच नाही." हाड सरकलेलं नाही म्हणून नुसतं प्लास्टर. सहा आठवडे. म्हणाले, सिमेंटवर एक जोराची उडी पडली असती तर ऑपरेशन, आणि मग खेळणं विसर.

घरी येऊन ही वही मागपासून वाचली. लाल, निळे, पांढरे – सगळ्यांच्या तक्रारी डाव्याच्याच. दुखत होतं. वर्षभर दुखत होतं. मला माहीत होतं. वहीतसुद्धा लिहिलं नाही.

१४ एप्रिल

आप्पांना विचारलं, कातड्याचे नव्हते ते, कळलं नाही का तुम्हाला?

म्हणाले, "हातात घेतल्या घेतल्या कळलं. जनावराच्या कातड्यातच जन्म गेला माझा."

मग?

"तोंडानं सांगितलं तवा ऐकलंस का?"

बाहेर कडुबा अजून हसतोय. आप्पा म्हणतात, हसू दे त्याला, तू कुणाला सांगू नगं.