दाराजवळचा बाक

सर,

आज अकरावीच्या मुलांना लोहाची इलेक्ट्रॉन रचना शिकवली आणि दरवर्षीसारखी तुमची गोष्ट सांगितली. मुलं पोट धरून हसली. मी मात्र घरी येऊन हे लिहायला बसले.

भूकंपानंतरचं ते वर्ष. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि नांदेडच्या कॉन्व्हेंटमधली मी तुमच्याकडे आले होते. "सरांची एक तक्रार आली की परत नांदेडला," एवढंच वडील बोलले होते. तुमचा वर्ग घराच्या पुढच्या खोलीत भरायचा. छतातून माती भुरभुरली की आम्ही वर बघायचो, तुम्ही फळ्याकडे. एके दिवशी आठ पोरींना तुम्ही इलेक्ट्रॉन करून बसवलंत. दाराजवळचा बाक 4s, म्हणजे अणूची सगळ्यांत बाहेरची कक्षा; तो आधी भरायचा, दोघींनी. मग आतले पाच बाक, 3d; त्यांवर एकेक जण, आणि सहावी नाइलाजाने कुणाशेजारी. "बाक रिकामा असताना खेटून बसायचं न्हाई!" लोह तयार. नववी मी, म्हणून फळ्यापाशी.

"सांग बेटा, दोन इलेक्ट्रॉन काढायचेत. कोण जाणार भाईर?"

"शेवटी आलेले, सर. 3d मधले."

"हाव? कशावरून?"

मी खडू या हातातून त्या हातात घेतला.

"कॉन्व्हेंटवाल्या बाई, इंग्रजीत गप्प बसलं तरी मार्क शून्यच भेटतात. उद्या वडिलांना चिठ्ठी जाईल."

आणि मी ओरडले, "सर, हलतंय!"

माझं वाक्य संपायच्या आत दाराजवळच्या दोघी अंगणात होत्या. आतल्या सहाजणी बाकांत अडकल्या. त्यांना आणि मला पुढे ढकलत तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात, एका पायात चप्पल, हातात डस्टर. लिंबाखाली तीनदा आमची डोकी मोजलीत. श्वास परत आला तसे हसायला लागलात. "पाहिलं का? आधी भरला तो बाक, आन् रिकामा बी आधी तोच झाला! दाराजवळचे पहिले पळतात. 4s!"

चिठ्ठी गेली नाही. पण पुढे दोन महिने तुम्ही आम्हाला छताखाली बसू दिलं नाहीत. अंगणात आम्हाला लिंबाची सावली, तुमच्या टकलावर ऊन. पालकांना सांगायचात, "धक्का बारीकच होता, पण पोरगी लई हुशार, तिला आधी कळला."

सर, त्या दिवशी माझ्या गुडघ्यांशिवाय काहीच हललं नव्हतं.

वर्गात हे कधी सांगितलं नाही. मुलांच्या 4s लक्षात राहतं ते त्या धक्क्यामुळेच. उद्या दुसऱ्या तुकडीलाही तोच द्यायचा आहे.