खलबत्त्यात राहिलेला मसाला

रविवार, ८ डिसेंबर

झाले एकदाचे! थंडीतल्या पहिल्या रविवारी न्याहारीला मसाल्याचे वॉफल — या घरातला हा एकच नियम कुणी मोडत नाही. बाहेर गाड्यांच्या काचांवर पांढरा थर, आत साच्यातून वाफा. भोपळ्याचा गर घोटला, अंडी फेटली, लवंग, दालचिनी, जायफळ, सुंठ असं सगळं कुटलं. घरभर काय घमघमाट! पहिल्या वॉफलचा कोपरा मीच तोडून तोंडात टाकला. डोळे आपोआप मिटले. 'वा!' म्हटलं. स्वतःच्या हातचं खाऊन वा म्हणायची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

नवऱ्याने माझ्याकडे बघत पहिला घास घेतला. 'जायफळ अगदी बेताचं. लवंग कशी मागे राहून बोलतेय.' असं बोलावं ते त्यानेच.

आणि सासूबाई! एवढासा तुकडा चघळत म्हणाल्या, 'हे काय गं, पुठ्ठा भाजलायस का?' वय झालं की जीभही म्हातारी होते, दुसरं काय. त्यात सकाळी भांडंभर चांगलं दूध सिंकमध्ये ओतून दिलं त्यांनी. परत! 'वास मारत होतं,' म्हणे. अहो, आत्ताच त्यातलं चहाला घेतलं होतं मी! बोलले नाही. वर्षभर हेच चाललंय. सणकून राग येतो, पण सुटीचा दिवस कशाला नासवा.

त्याच दिवशी, दुपारी

आत्ताच्या आत्ता लिहायला बसले.

भांडी घासून ओटा पुसत होते. साच्याच्या मागे खलबत्ता, वर ताटली झाकलेली. ताटली उचलली — मसाला आतच! सगळाच्या सगळा! कुटला, झाकला, आणि पिठात घालायचा राहूनच गेला!

मग जायफळ 'बेताचं' कुठून आलं?

माझं मी समजू शकते. साच्यापाशी उभी, घाईत, वर मध ओतलेला. आपणच कुटलेलं असलं की मनानेच चव लागते. पण तो? बिस्किटांच्या कारखान्यात वास-चव तपासायचं काम त्याचं. प्रत्येक घाणा त्याच्या नाकाखालून गेल्याशिवाय पाकिटात जात नाही. कारखान्यात सगळे त्याला 'नाकराव' म्हणतात! लग्न ठरलं तेव्हा मी कुठला साबण वापरते ते त्याने दारातूनच सांगितलं होतं.

सासूबाई दारात येऊन खलबत्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग परत गेल्या.

सोमवार, ९ डिसेंबर

माझं मन राखायला खोटं बोलला असेल. एवढंच असू दे.

मंगळवार, १० डिसेंबर

एवढंच नव्हतं.

तो कामावरून आल्यावर मस्करी म्हणून डोळ्यांवर रुमाल बांधला. 'ओळख बघू नाकराव!' पहिल्या वाटीत कॉफी होती. 'संत्रं,' म्हणाला. दुसऱ्या वाटीत अंगाचा साबण. बराच वेळ हुंगत राहिला. मग 'दालचिनी' म्हणाला. हसतसुद्धा होता! माझ्या हातातून वाटी पडली. त्या आवाजाने त्याने रुमाल काढला, साबणाकडे बघितलं, आणि खाली फरशीवरच बसला.

'कळलं ना तुला,' म्हणाला. मीही खलबत्त्यात राहिलेल्या मसाल्याचं सांगून टाकलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तापाने पडलो होतो, तेव्हापासून. ताप गेला आणि नाकही घेऊन गेला. वर्षभर! माझ्या शेजारी झोपणारा माणूस वर्षभर हे पोटात घेऊन फिरला आणि मला पत्ता नाही!

'मग कारखान्यात रे?'

'हाताखालची मुलगी आधी हुंगते. मी तिचा चेहरा बघतो. भुवया वर गेल्या की म्हणतो, वेलची जास्त झाली. ओठ मुडपले की म्हणतो, परत करा.'

'आणि घरी?'

'घरी तू आहेस की.'

मला रडूच कोसळलं. मग त्या भुवया डोळ्यांसमोर आल्या आणि रडता रडता हसू फुटलं. तो मात्र हसला नाही. नाकासमोर चालणारा माणूस हा, एक खोटं सांभाळता सांभाळता वाकून गेलाय. साहेबांना कळलं तर त्याच दिवशी घरी बसवतील. आणि हे एकच काम येतं त्याला. दुसरं करेल काय?

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. 'जाऊन आलो. वाट बघा म्हणाले.' एकटाच जाऊन आला होता!

बुधवार, ११ डिसेंबर

नवीन संकट. ती हाताखालची मुलगी बहिणीच्या लग्नासाठी सुटीवर. आणि थंडीसाठी नवीन मसाला बिस्किट काढतायत. दोन घाण्यांतला एक उद्या नक्की करायचा.

मी म्हटलं, आण दोन्हींचे नमुन्याचे डबे घरी. मी आहे ना तुझं नाक!

आणले. जेवणाच्या टेबलावर ठेवून दोन्ही हुंगले, दोन्ही खाल्ले. 'पहिला! दालचिनी कशी ठसठशीत आहे. दुसरा मिळमिळीत.'

'नक्की?' तो माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता.

'अरे, नक्की म्हणजे काय! डोळे झाकून सही कर.'

सासूबाईंनी पहिल्या डब्यात डोकावून पदर नाकाला लावला. 'अगं, मी काय म्हणते, तुम्ही दोघंही...' मी तोडलंच त्यांना. 'आई, प्लीज! हे तुम्ही दूध ओतता तसं नाही, याच्या नोकरीचा प्रश्न आहे.' जरा जोरातच बोलले. त्या उठून आत गेल्या. वाईट वाटलं. पण घरात एका तरी माणसाचं नाक शाबूत आहे, या आनंदात होते मी!

गुरुवार, १२ डिसेंबर

पहिला घाणा पास केला. सही झाली. येताना माझ्यासाठी फुलं आणली त्याने, माझ्या नाकासाठी म्हणे. छान दरवळतायत.

शनिवार, १४ डिसेंबर

संपलं सगळं.

लोणी खवट होतं. पहिल्या घाण्यातलं! पाकिटं भरणाऱ्या बायका नाकाला रुमाल लावून बाहेर आल्या. साहेब खाली आले, एक बिस्किट मोडून त्याच्या नाकापाशी धरलं. 'नाकराव, हे पास केलंत तुम्ही?' सगळ्यांसमोर! त्याने खरं ते सांगून टाकलं. वर्षभराचं सगळं. साहेब ओरडले नाहीत म्हणे. नुसते बघत राहिले. ते जास्त लागलं त्याला. सोमवारपासून येऊ नका म्हणाले.

पण हे कसं शक्य आहे? मी खाल्लं होतं ते बिस्किट! या हातांनी मोडून, या नाकाने हुंगून! खवट असतं तर मला कळलं नसतं? डबे बदलले कुणीतरी. नक्की बदलले. कुणाला तरी त्याची जागा हवी असणार. मी साहेबांना फोन लावायला उठले, तर याने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

'कुणी बदलले नाहीत गं. झाकणावर माझीच चिठ्ठी होती.'

'मग मी खोटं बोलते का?'

फोन त्याने खिशात टाकला. माझ्याकडे असं बघत होता की जणू नोकरी त्याची नाही, माझी गेली असावी. मला भयंकर राग आला.

रविवार, १५ डिसेंबर

त्याला बरं वाटावं म्हणून सकाळी परत वॉफल. या वेळी मसाला आठवणीने घातला. घास घेतला. 'वा!' म्हटलं. अगदी तेच वा.

त्याने बशी बाजूला सारली. 'गेल्या रविवारी मसाला नव्हता, तरी तू डोळे मिटून वा म्हणालीस. मी फक्त तुझं बघून बोललो.'

लवंगांची बरणी उघडली. नाक आत खुपसलं. काही नाही. दालचिनी. काही नाही. त्याने आणलेली फुलं. काही नाही! काहीच नाही!

सासूबाईंकडे वळले. त्या दूध तापवत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, 'चांगलं दूध मी कधी ओतलंय का गं?'