शिंप्याच्या बोर्डाला हात लावू नकोस

पोरी,

शिडी आणायला सुताराकडे जातोय. जेवण झाकून ठेवलंय, माझ्यासाठी थांबू नकोस.

दाराशी लोकरवाल्याचा बोर्ड आहे. त्यावरचं इंग्रजी अजून खडूनेच लिहिलंय, एकदा बघ. आई सांगायची, नुसती दिशा असेल तर 'नॉर्थ' लहान अक्षराने लिहायचं. त्या दिशेच्या मुलखाचंच नाव असेल तर मोठ्या अक्षराने, आणि आधी 'द' लावायचा. वरच्या ओळीत लोकर कुठल्या मुलखातली ते आहे, म्हणून तिथे 'द' आणि मोठं अक्षर घातलंय. खाली दुकान चौकाच्या उत्तरेला आहे एवढंच आहे, म्हणून लहान. बरोबर वाटतंय, पण तिने बघितल्याशिवाय मी कधी रंगाचा डबा उघडला नाही. लोकरवाला तोंडावर म्हणाला, "बाई गेल्या, आता तुमचं इंग्रजी कोण तपासणार?" हा बोर्ड चुकला तर गिऱ्हाईक गेलंच समज.

ठीक असेल तर आई करायची तशी कोपऱ्यात खडूने खूण कर. आल्यावर रंगवतो.

शिंपी बोर्ड मागायला आला तर रंग संपलाय म्हणून सांग. त्याचा बोर्ड कपाटामागे आहे, त्यावर फडकं मारू नकोस. त्याच्या कोपऱ्यात आईची खूण आहे. रंग लावला की ती पुसावी लागेल.

बाबा