भूक मारणाऱ्या गोळ्या

अकोला, १४ जून १९६२

ललिता,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुले वाचता येत नाही, अन् तुझ्या भावानं हे मोठ्यानं वाचून दाखवावं असं मले वाटत नाही.

बाळंतपणानंतर तू अंगानं भरली. बाया हसतात म्हणून रडली. मी औषधाच्या दुकानात कामाले होतो, तिथून वजन उतरवाच्या, भूक मारणाऱ्या गोळ्या आणून दिल्या. डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर त्या कोणाले देता येत नाहीत, हे मले ठाऊक होतं. तुझी झोप उडाली.

"माह्यं काळीज काहून असं पळून राह्यलं?" तू विचारलं.

"होईल सवय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तू नळावर कोसळली. दवाखान्यातूनच भाऊ तुले माहेरी दर्यापूरले घेऊन गेला.

ड्रग इन्स्पेक्टर आला, तेव्हा गोळ्या मीच नेल्या असं लिहून दिलं. नोकरी गेली.

रविवारी तुमच्या दारापर्यंत आलो होतो. आत तू पोराले खेळवत खळखळून हसून राह्यली होती. कडी वाजवाले हात उचलला. पण मले पाहून ते हसू थांबलं असतं. म्हणून शेवटच्या मोटारीची वेळ होईपर्यंत बाहेरच ऐकत उभा राह्यलो.

तुझाच,
देवमन