खुणेचं बटण

आई, आज दुपारी दारावर बोहारीण आली होती. स्टीलचं पातेलं पुढे ठेवून जुने कपडे मागत होती आणि मी सवयीने कात्री शोधायला आत गेले. सवय तुझीच. कपडा बोहारणीकडे जायच्या आधी त्याची बटणं कापून घ्यायची, एकही सोडायचं नाही. पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घराच्या पायरीवर तू कात्री घेऊन बसायचीस आणि समोरची बाई कुरकुरायची, "बटनंच नाय तर हा शर्ट घेईल कोन?" तू सांगायचीस की हवं तर भांडं लहान दे, पण बटणं माझी. मग पातेल्याची वाटी व्हायची. तुला त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र जीव नकोसा व्हायचा, कारण माझ्या मैत्रिणींच्या घरी बोहारणीकडून आलेली घमेली आणि डबे होते आणि आपल्याकडे नुसत्या वाट्या. आपल्या घरात आमटीला वाट्या कधी कमी पडल्या नाहीत, एवढं कबूल करते.

ती सगळी बटणं बिस्किटांच्या एका गोल पत्र्याच्या डब्यात जायची. डब्याच्या झाकणावर बर्फातलं घर होतं आणि त्याचा रंग तुझ्या अंगठ्याखाली झिजून पत्रा दिसायला लागला होता. थंडीत, दुपारची भांडी झाली की तू सतरंजीवर डबा पालथा करायचीस. हे बाबांच्या लग्नातल्या सफारीचं, हे तुझ्या आजोबांच्या कोटाचं, हे बदकाचं तुझ्या पहिल्या स्वेटरचं. कपडा कधी घेतला, कुणी शिवला, कुठे फाटला, सगळं तुला पाठ. बाबा पलंगावर वर्तमानपत्र वाचत पडलेले असायचे आणि म्हणायचे, लोक सोनं जमवतात, आमच्या घरी ही इस्टेट. त्यांना एक बटण दुसऱ्यापासून वेगळं ओळखता यायचं नाही. एकदा माझ्या शाळेच्या युनिफॉर्मचं बटण तुटलं, तर मी डब्यातलं एक पांढरं काढून स्वतःच लावलं. वाटलं, शाबासकी मिळेल. तू ते पाहिलंस, मला उभं केलंस आणि अंगातल्या कपड्यावरूनच ते कापून घेतलंस. "ही लावायची बटणं नाहीत. ही ठेवायची आहेत." एवढंच बोललीस, पण ज्या आवाजात बोललीस तो मला अजून ऐकू येतो. संध्याकाळी मेन रोडवरून नवीन बटणांचं पाकीट आणून मुकाट्याने लावून दिलंस. डब्यातलं एकही बटण कधी कुठल्या कपड्यावर गेलं नाही.

कामाला लागायचं ते एकच, आणि तेही दिवाळीत. आपल्याकडे ओव्हन नव्हता. गल्लीत कोणाकडेच नव्हता. दिवाळीच्या आधी भद्रकालीतल्या बेकरीतून काळे पत्रे आणायचे, घरी त्यावर नानकटाई मांडायची आणि भट्टीत भाजायला पोचवायची. तू परातीत वनस्पती तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसत बसायचीस, मनगट दुखेपर्यंत, आणि मध्येच एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकायचीस. तरंगला की मैदा घ्यायचा. मैद्यात थोडा रवा, वेलची आणि जायफळ, जायफळ जरा जास्तच. मग सगळ्यात शेवटी खूण. कारण भट्टीवर साऱ्या पंचवटीचे पत्रे एका रांगेत, नावाची चिठ्ठी लावली तर जळून जायची. त्यामुळे प्रत्येक घराची खूण ठरलेली. कोणी काट्याने रेघा मारायचं, कोणी चारोळी लावायचं, कोणी नुसता अंगठा दाबायचं. तुझी खूण म्हणजे माझ्या बालवाडीतल्या लाल कोटाचं मोठं बटण. कडेला पाकळ्या, मध्ये चार भोकं. तू ते पिठात बुडवून हलकेच दाबायचीस आणि प्रत्येक गोळ्यावर एक फूल उठायचं. मी विचारलं होतं, हेच का. तू म्हणालीस, हे हातात घट्ट बसतं म्हणून. मी तेच खरं मानलं, कितीतरी वर्षं.

आणि तो भट्टीवरचा तमाशा आठवतो का? आपल्या पत्र्यावर दुसऱ्याच एका बाईंनी हक्क सांगितला. त्यांच्याकडे बाटलीच्या बुचाची खूण होती आणि भाजल्यावर दोन्ही सारखंच दिसत होतं. तू ताठ उभी राहिलीस, रुमालाच्या गाठीतून बटण काढलंस आणि सगळ्यांसमोर एका नानकटाईवर ठेवलंस. बसेना. दुसरीवर ठेवलंस, तिच्यावरही बसेना. बायका हसायला लागल्या. भट्टीवाले चाचा हात पुसत पुढे आले आणि म्हणाले, "भाभी, आगीत गेल्यावर खूण फुगते. आता ते बटण त्याच्यात कसं बसेल?" मग त्यांनीच एक मोडून वास घेतला आणि म्हणाले की एवढं जायफळ एकाच घरचं असतं. पत्रा आपल्याला मिळाला. परत येताना पुलावर तू मला म्हणालीस, हसल्या तर हसू देत, आपलं आपल्याला ओळखता आलं म्हणजे झालं. डोक्यावर डबा, हातात माझा हात आणि सगळ्या रस्त्यावर जायफळाचा वास.

माझं लग्न करून मला सिन्नरला पाठवलंस आणि पुढच्याच वर्षी आजारी पडलीस. बाजारातली द्राक्षं संपता संपता तू गेलीस. त्याबद्दल मी लिहिणार नाही. लिहायला बसले की हातच पुढे जात नाही, इतकी वर्षं झाली तरी. एवढंच सांगते की तू गेलीस त्या दिवसापासून मी आई अशी हाक मारावी असं कोणी उरलं नाही, आणि ती हाक माझ्या तोंडात तशीच राहून गेली आहे. कधीकधी रिकाम्या स्वयंपाकघरात मी ती नुसती मारून बघते.

ती दिवाळी आपण केली नाही. दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की बाबांना तुझी नानकटाई करून घालायची. ते एकटे राहत होते, खाणं म्हणजे वरणभात आणि चहा. जीपने नाशकात आले, पत्रे आणले, तूप फेसलं, थेंब तरंगला, जायफळ तुझ्यासारखंच जरा जास्त घातलं. खूण करायला डबा उघडला तर लाल बटण नाही. सतरंजीवर सगळा डबा पालथा केला. बदक होतं, सफारीचं होतं, आजोबांचं होतं, तेवढं एक नव्हतं. देव्हाऱ्यात बघितलं, तुझ्या साडीच्या घड्यांमध्ये बघितलं. मला रडू फुटलं. बटणासाठी नाही गं. माझ्या हाताला तुझं म्हणून तेवढंच एक येणार होतं आणि तेही गेलं, असं वाटलं.

तेवढ्यात बाबा गोदाकाठावरून फिरून आले. गरम होतंय म्हणून स्वेटर काढला. आत पांढरा शर्ट, आणि छातीवर बरोबर मधोमध माझं लाल बटण. काळ्या दोऱ्याने लावलेलं, वेडेवाकडे टाके. समोरच्या काजात मावत नव्हतं म्हणून दाढीच्या ब्लेडने काज कापून मोठं केलेलं. जन्मात सुई हातात धरली नव्हती त्यांनी. डब्यात पांढरी बटणं ढिगाने होती. मी विचारलं, बाबा, हेच का लावलंत? ते जरा ओशाळले. बटणावर हात ठेवून म्हणाले, "डब्यात तेवढं एकच माझ्या ओळखीचं होतं."

तू असतीस तर कात्री आणली असतीस का? मला नाही वाटत. मी आत जाऊन तोंड धुतलं आणि प्रत्येक गोळ्यावर अंगठा दाबून पत्रे भट्टीवर पोचवले. चाचा नव्हते, कोणी नवीन माणसं होती. संध्याकाळी डबा भरून आणला. बाबा वाटच बघत होते. चहात बुडवून पहिली खाल्ली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "अगदी तिच्या हातची झाली आहे." आणि तू गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर रडले, हातात अर्धी नानकटाई घेऊन, लहान मुलासारखे.

बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सिन्नरच्या घरी माझ्याकडे ओव्हन आहे, दिवाळीला नानकटाई होते, खूण करायची गरज उरली नाही, कारण ओव्हनमध्ये दुसऱ्या कोणाचा पत्राच नसतो. तो शर्ट मात्र मी ठेवला आहे. आज बोहारणीला द्यायला कपाटातून जुने कपडे काढताना तो हाताला लागला, कात्री हातातच होती. तुझ्या नियमाने बटण कापून शर्ट द्यायला हवा होता. मी कात्री खाली ठेवली आणि शर्ट बटणासकट घडी करून परत कपाटात ठेवला. डबा त्याच्यावरच असतो. हे पत्रही त्याच डब्यात जाईल, दुसरीकडे कुठे टाकणार?

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी बाबा रडत होते तेव्हा मीही एक उचलून तोंडात टाकली होती. तिच्यात जायफळ नव्हतं, आई. अंगठ्याच्या खुणेचं दुसरं कुठलंतरी घर असणार, पत्रे बदलले होते. आपली नानकटाई कोणाच्या घरी गेली कोण जाणे. मी बाबांना तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. तिथे भेटले असतील तर तूही सांगू नकोस.