चित्राखालची मराठी ओळ

गुरुवार, १४ ऑगस्ट. जळगाव

शिसारी आलीय. साहेबांची, आणि त्याहून जास्त माझी.

आमच्या पंप-कंट्रोलर बोर्डाच्या एसडीकेचं, म्हणजे बोर्डासोबतच्या सॉफ्टवेअर-संचाचं, मॅन्युअल मी लिहिते, सगळं इंग्रजीत. शिंदखेड्याचे वायरमन नाना त्यातलं फक्त चित्र बघतात आणि वायरी जोडतात. त्यांच्यासारख्यांसाठीच तर मी चित्रं घातली. वायरी जोडायचं चित्र बोर्डाच्या मागच्या बाजूचं, म्हणून खाली मराठीत लिहिलं होतं, 'हा बोर्ड मागून दाखवलाय.' चार शब्द. साहेब म्हणाले, मराठी ओळ गावठी दिसते, काढा. परदेशी गिऱ्हाईक काय म्हणेल? कुठलं परदेशी गिऱ्हाईक? पण मी 'बरं सर' म्हणाले आणि ओळ पुसली.

आज नाना जळका बोर्ड पिशवीत घालून एसटीने आले. बोर्ड समोरून धरून जोडलेला, म्हणजे डावीकडचं सगळं उजवीकडे. साहेब त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅन्युअल वाचत जा जरा." 'ओळ आपणच काढली, सर', हे चार शब्दही माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

जाताना नाना माझ्या टेबलाशी थांबले. "चूक मनी शे, ताई. तुमनं चित्र बठ्ठं बराबर शे." चूक म्हणे त्यांची, आणि माझं चित्र सगळं बरोबर.

आणि मी त्यांनाही म्हणाले, "बरं, नाना."