मोराचा डोळा

आई, न्हाणीच्या भिंतीवरचा तुझा मोर मी मागच्या आठवड्यात उतरवला. भिंत पाडायची होती. आण्णा म्हणाले, "मोर पायजे असंल तर आजच काढ, उद्या गवंडी येतोय." छिन्नीने एकेक तुकडा सोडवला आणि आता माझ्या खोलीत एका फळीवर तो पुन्हा जुळवते आहे. पिसाऱ्याला बांगड्यांच्या काचा, पोटाला फुटक्या कपबश्या. काचापाणी खेळताना तू शिकवलंस तसाच श्वास धरून तुकडा उचलते. शेजारची काच हलली की डाव गेला. शाळेत जायच्या आधी याच काचा मांडून तू मला रंग शिकवलेस, अक्षरं लावून घेतलीस. प्रत्येक काचेला गोष्ट होती. "ही मावशीच्या लग्नातली. ही तुझ्या आत्याची, भांडून निघाली तवा दारावर आपटली." आत्या समोरच बसलेली असायची. "व्हय, आणि मोर कुणाच्या जिवावर नाचतोय? माझ्याच की!" मग तुम्ही दोघी हसत सुटायचात.

डोळ्याची जागा मात्र मोकळीच राहिली. तुला गडद हिरवी काच हवी होती. मी एकदा तुझ्या डब्यातली बांगडी आणून दगडाने फोडायला बसले, तर हातावर चापट मारलीस. "मुद्दाम फोडलेलं न्हाय चालत. आपसूक वाढंल, तीच घ्यायची." आपण वाट बघत राहिलो, आणि तू गेलीस.

ऑपरेशनआधी नर्सने साबण लावून उतरवलेल्या तुझ्या बांगड्यांपैकी एक माझ्याकडे आहे. अख्खी. गडद हिरवी. आण्णा रोज विचारतात, "डोळा बसव की गं. आंधळा मोर किती दिस ठेवायचा?" त्यांना काय सांगू? फोडली तर तुझा शब्द मोडतो, आणि तुझ्या हातातलं शेवटचं अख्खं काही उरत नाही. नाही फोडली तर मोर असाच आंधळा राहतो, माझ्याकडे बघत नाही. छिन्नीखाली मानेची एक निळी काच दुभंगली, ती आपसूक गेली की मी फोडली, हेच अजून मनात घोळतंय.

आज सकाळी ती बांगडी हातात चढवली. भांडी घासली, पाणी भरलं, खलबत्त्यात लसूण कुटला. हा कागद मी आण्णांना दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत तो पोचणार नाही, म्हणून लिहिते. काचेची बांगडी घातली की मी हात जपून वापरते. आज जपला नाही.